एका इंजिनाचं छोटं विमान: इंजिन हवेत बंद पडलं तर काय, आणि कोणत्या क्रमाने (सेसना १७२ धरून)

उंचावरून

इंजिन बंद पडण्याचा विषय निघाला की ‘घाबरू नका, मोकळं मैदान शोधा’ एवढ्यावर गाडी थांबते. त्यातून शिकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून मंचावरचा हा धागा आकड्यांसाठी आणि क्रमासाठी. विमान एकच धरू, सेसना १७२ एस. बारामतीत असो की न्यू जर्सीत, शिकणाऱ्यांच्या हाती बहुधा हेच किंवा याचंच जुनं भावंड येतं. तुमच्या विमानाचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर पुस्तक खरं.

आधी वेग. पूर्ण वजनाला, म्हणजे २५५० पौंडांना (साधारण ११५७ किलो), सगळ्यात लांब नेणारा ग्लाइडचा (इंजिनाशिवाय तरंगत उतरण्याचा) वेग ६८ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). वजन २१०० पौंड असेल तर तो ६२ च्या आसपास येतो. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली येणारे पट्टे) वर, प्रॉप (पुढचा पंखा) वाऱ्याने फिरतोय आणि वारा नाही, असं धरलं तर दर १००० फुटांना विमान दीड सागरी मैल जातं, म्हणजे पावणेतीन किलोमीटर. खाली येण्याचा दर मिनिटाला साडेसातशे फुटांच्या आसपास. जमिनीपासून ३००० फूट वर असाल तर चार मिनिटं आणि आठ किलोमीटर, एवढीच शिल्लक.

‘जमिनीपासून’ हा शब्द नीट वाचा. अल्टिमीटर समुद्रसपाटीपासून मोजतो. लोहगावची धावपट्टी १९४२ फुटांवर आहे. त्या भागात काटा ३५०० दाखवत असेल तर हाताशी दीड हजार फूट आहेत, म्हणजे जेमतेम दोन मिनिटं.

आता क्रम. सरळ उड्डाणात ११० नॉटला इंजिन गेलं तर नाक लगेच खाली घालू नका. उंची धरून ठेवा, वेग ६८ पर्यंत उतरू द्या, मग ट्रिम लावा, म्हणजे जोर न लावता विमान तोच वेग धरून राहतं. तो जास्तीचा वेग म्हणजे फुकट मिळालेली उंची. चढताना मात्र नेमकं उलट. ७४ नॉटला नाक वर असतं आणि ताकद गेल्यावर वेग दोन-तीन सेकंदांत ढासळतो. तिथे नाक ताबडतोब आणि ठामपणे खाली.

ट्रिम लागल्यावर मैदान ठरवा आणि त्याच्याकडे वळा. वळता वळता हात खालून वर न्या: फ्युएल शटऑफ (इंधन तोडणारी मूठ) पूर्ण आत, सिलेक्टर ‘बोथ’ (दोन्ही टाक्या), ऑक्झिलरी (जादा) पंप चालू, मिक्स्चर रिच (हवेत पेट्रोल जास्त), किल्ली ‘बोथ’वर (दोन्ही मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी देणारी यंत्रं). प्रॉप फिरत असेल तर स्टार्टर लागत नाही. इंधन पोचलं की इंजिन काही सेकंदांत आपोआप धरतं. प्रॉप थांबला असेल तरच किल्ली ‘स्टार्ट’वर.

या सगळ्याला अर्धा मिनिट पुरतो. जमिनीपासून १००० फुटांच्या खाली आल्यावर इंजिनाचा नाद सोडायचा आणि विमान उतरवायचं. किल्लीशी झटापट करताना वेग पन्नासवर आला, एवढी चूक जीव घ्यायला पुरते.

शिकाऊ_१७२

क्रम पाठ आहे, पण एक कळत नाही. आमच्याकडे जुनं १७२ एन आहे, कार्ब्युरेटरवालं. त्याच्या यादीत कार्ब हीट (कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवायला आत सोडायची गरम हवा) इतकी वर का? इंजिनच बंद आहे तर गरम हवा येणार कुठून?

मॅग्नेटो

प्रश्न अगदी नेमका आहे. गरम हवा एक्झॉस्टभोवतीच्या कवचातून येते. इंजिन बंद पडल्यावर एक्झॉस्ट भराभर थंड होतो, त्यामुळे उष्णता हाताशी असते ती पहिल्या काही सेकंदांतच. इतर सगळं करून शेवटी कार्ब हीट ओढली तर आत येते ती गार हवा. म्हणून १७२ एन मध्ये ६५ नॉट धरले की पहिला हात कार्ब हीटवर, मग सिलेक्टर, मिक्स्चर, किल्ली, आणि प्राइमर (सुरू करताना जादा पेट्रोल सोडणारा हातपंप) आत ढकलून फिरवून बंद आहे ना ते पाहा. प्राइमर सुटा राहिला तर तिथून जास्तीचं पेट्रोल ओढलं जातं आणि चांगलं इंजिनही खडखडायला लागतं.

बर्फ म्हटलं की लोकांना हिमालय आठवतो. व्हेंच्युरीतला (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातला) कमी दाब आणि पेट्रोलचं बाष्पीभवन मिळून कार्ब्युरेटरमधलं तापमान वीस-तीस अंशांनीही पाडतात. बाहेर २१ अंशांखाली आणि आर्द्रता ८० टक्क्यांवर असेल तर धोका सर्वांत जास्त. पण ३८ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेतही बर्फ धरू शकतो. जुलैतलं मावळ किंवा कोकण नजरेसमोर आणा. ठरलेल्या पिचच्या (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) प्रॉपला पहिली खूण आवाजात नसते. आरपीएम (मिनिटाचे फेरे) गुपचूप शंभर-दीडशेने उतरतो आणि आपण नकळत थ्रॉटल (ताकद कमी-जास्त करायची मूठ) पुढे सारतो. हीट पूर्ण ओढली की आरपीएम आणखी पडतो, बर्फ वितळून पाणी आत जाताना इंजिन चांगलंच खडखडतं, आणि मग आरपीएम वर येतो. त्या खडखडाटाला घाबरून हीट परत आत ढकलणं ही नेहमीची चूक. ओढली की ओढलेलीच ठेवा.

१७२ एस चं आयओ-३६० इंजिन इंजेक्शनचं आहे, त्याला हा त्रास नाही.

काळी_माती

मला विमानातलं कमी कळतं, शेतातलं कळतं. वरून हिरवं-सपाट दिसतं ते जमिनीवर काय असतं, ते लिहितो.

एक एकर म्हणजे ४० गुंठे, चौकोनी असेल तर बाजू जेमतेम ६४ मीटर. प्रत्येक तुकड्याला बांध, बांधावर बाभळ, बोर नाहीतर दगड. त्यामुळे रुंदी पाहू नका, पट्ट्याची लांबी पाहा आणि बांधाला समांतर या.

उन्हाळ्यातली नांगरट ढेकळांची असते. तासाच्या दिशेने आलात तर निभावेल, आडवे आलात तर पुढचं चाक पहिल्याच तासात अडकेल. ज्वारी-बाजरी काढलेलं रान त्यापेक्षा बरं. धसकटं टोचतात पण जमीन घट्ट असते. सगळ्यात चांगलं म्हणजे मुरमाड माळ. फिकट, तांबूस, विरळ गवताचा. पावसाळ्यात काळी जमीन नकोच. वरून सुकलेली वाटते, आत चिखल असतो. चाक रुतलं की विमान नाकावर.

द्राक्षबाग कोणत्याही परिस्थितीत टाळा. नाशिक-सांगलीकडे वरून ती मऊ हिरवी गादी दिसते, पण खाली लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारांची जाळी असते. ऊस त्या मानाने सौम्य. वाढीचा ऊस दहा फुटांपर्यंत असतो, सगळा एकसारखा.

विहिरींना कठडा नसतो. रानाच्या मधोमध दोन-चार झाडांचा एकटाच पुंजका दिसला तर तिथे विहीर आहे असं समजा. निळं, चौकोनी, चकचकीत दिसतं ते शेततळं. त्याला प्लास्टिकचा कागद आणि उभे काठ असतात, आत पडलेला माणूस सहज वर येत नाही.

उंचावरून

काळी_माती, हा प्रतिसाद छापून फ्लाइंग क्लबात लावावा असा आहे. लांबीचा हिशोब जोडतो. १७२ एस ला पक्क्या धावपट्टीवर, समुद्रसपाटीला, पूर्ण फ्लॅपने जमिनीवरची धाव ५७५ फूट, आणि ५० फुटांचा अडथळा ओलांडून एकूण १३३५ फूट, म्हणजे सुमारे ४०० मीटर. कोरड्या गवतावर धावेच्या ४५ टक्के आणखी धरायचे. एक एकरात हे बसत नाही. म्हणून अडथळा नसलेल्या बाजूने येणं लांबीपेक्षाही मोलाचं.

उसाबद्दल एक भर. उसाचा शेंडा हीच जमीन समजायची. पूर्ण फ्लॅप, कमीत कमी वेग, नाक किंचित वर, आणि शेंड्यांत सपाट बसायचं. ऊस चुकवायला शेवटच्या क्षणी वळलात तर पंख आधी लागतो आणि विमान फिरतं.

रेडिओकान

तारांबद्दल. तार दिसत नाही, खांब दिसतो. रस्ता, कालवा, घर, विहिरीवरची मोटर, यांतलं काही दिसलं की तिथे वीज गेलीच आहे, खांब शोधा. उच्चदाबाची लाइन ओलांडावीच लागली तर मनोऱ्याच्या डोक्यावरून ओलांडा. सगळ्यात वरची बारीक तार कशी गेली आहे ते तिथेच कळतं. अगदी शेवटी तार दिसली आणि वेग नसेल, तर नाक वर ओढून स्टॉल होण्यापेक्षा (पंखांची उचल तुटून पडण्यापेक्षा) खालून जाणं बरं.

हमरस्ता वरून धावपट्टीसारखा दिसतो. तिथे तारा, दुभाजक, कमानी आणि दुचाक्या असतात, ज्यांना तुमची काहीच कल्पना नसते. पर्याय असेल तर रस्ता नको.

रेडिओ: ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिथेच बोला, तिथले लोक तुम्हाला ओळखतात. उत्तर नसेल तरच १२१.५, आणीबाणीची. ट्रान्सपॉन्डरवर (रडारला ओळख पाठवणाऱ्या यंत्रावर) ७७००, संकटाचा कोड. वाक्य एका दमात: मेडे तीनदा, कॉलसाइन, इंजिन फेल्युअर, फोर्स्ड लँडिंग, ‘भिगवणच्या पश्चिमेला ५ मैल, ३५०० फूट, दोन जण’. माणसांची संख्या हमखास विसरली जाते आणि शोधायला येणाऱ्यांना तीच आधी हवी असते. ईएलटीचा (अपघाताची जागा कळवणाऱ्या बीकनचा) स्विच हातानेही चालू करता येतो. हवेतच चालू करा, आदळण्याची वाट पाहू नका. ४०६ मेगाहर्ट्झचा संदेश उपग्रहावरून बेंगळुरूच्या केंद्रात पोचतो.

पण हे सगळं वेग आणि मैदान ठरल्यावर. वेळ नसेल तर बोलू नका, विमान उडवा.

शिकाऊ_१७२

उड्डाण केल्या केल्या इंजिन गेलं तर मागे वळून धावपट्टी गाठायची की नाही? कोणी ५०० फूट म्हणतं, कोणी १०००.

उंचावरून

ऐकीव आकडा घेऊ नका, हिशोब करून पाहा. धावपट्टीवर परत यायला १८० अंश पुरत नाहीत. वळताना तुम्ही बाजूला जाता, म्हणून २२५ च्या आसपास वळून मग ४५ उलट वळावं लागतं. ७० नॉटला ४५ अंश कलून सेकंदाला साधारण साडेपंधरा अंश वळता येतं, म्हणजे पहिलं वळणच साडेचौदा सेकंदांचं. कललेल्या विमानाचा खाली येण्याचा दर मिनिटाला तेरा-चौदाशे फुटांपर्यंत जातो, म्हणजे त्या वळणात तीन-साडेतीनशे फूट गेले. त्याआधी ‘हे खरंच झालंय’ हे पटायला चार सेकंद, पुढे उलट वळण, सरळ होणं, फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं). सगळं अचूक जमलं तरी पाचशेच्या वर. माणसाचा हात धरला तर आठशे ते हजार.

उंचीपेक्षा मोठा धोका स्टॉलचा. पूर्ण वजनाला, फ्लॅप वर असताना १७२ एस चा स्टॉल काट्यावर ४८ नॉटला. ४५ अंश कलात तो ५७ होतो, ६० अंशांत ६८. म्हणजे तुमचा ग्लाइडचा वेग आणि स्टॉलचा वेग एकच होतो. धावपट्टी निसटतेय असं दिसलं की हात आपोआप कल वाढवतो, शिवाय पाय रडर (शेपटीचं सुकाणू) जास्त देतो, आणि विमान आतल्या पंखावर पडतं. तिथून सावरायला उंची नसते.

वाऱ्याचंही पाहा. समोरून १५ नॉट वारा घेऊन उड्डाण केलंत, तर सरळ पुढे ६५ ने टेकताना जमिनीवरचा वेग ५० असतो. वळून आलात तर ८०. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे अडीचपट.

म्हणून धावपट्टीवर उभं असतानाच तोंडाने बोला: ‘अमुक उंचीखाली गेलं तर समोर, नाकाच्या दोन्ही बाजूंना तीस अंशांत; तिच्यावर गेलं तर अमुक बाजूला वळण.’ आकडा तुमच्या विमानावर, तुमच्या प्रशिक्षकाबरोबर सुरक्षित उंचीवर मोजून काढलेला असावा. एप्रिलच्या दुपारी तो वाढवा. लोहगावच्या उंचीवर ४० अंशांना हवा साडेपाच हजार फुटांवरच्यासारखी विरळ असते. चढ मंदावतो, आणि काट्यावर तोच वेग दिसत असताना खरा वेग आठ टक्के जास्त असतो.

मॅग्नेटो

यात एक मोठा मुद्दा राहतोय: इंजिन पूर्ण बंद न पडता अर्धवट ताकद देत राहणं. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्युरोने २००० ते २०१० मधल्या एकइंजिनी विमानांच्या नोंदी तपासल्या. उड्डाणानंतर ताकद अर्धवट गेल्याच्या २४२ घटना, त्यांत ९ जीवघेणे अपघात. इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या ७५, त्यांत जीवघेणा एकही नाही.

हे आकडे पुन्हा वाचा. पूर्ण बंद पडलं की निर्णय आपोआप होतो, नाक खाली आणि समोर उतरणं. अर्धवट चालतंय तोवर माणसाला वाटतं, पोचू परत. नाक वरच राहतं, वेग गळतो, आणि कमी उंचीवर वळताना विमान स्टॉल होतं. इंजिन खडखडायला लागलं तरी आधी नाक खाली, ७० धरा. त्या वेगाला उंची टिकते का ते पाहा. टिकत असेल तर १५-२० अंशांपेक्षा जास्त न कलता वळा आणि प्रत्येक क्षणी ‘आत्ता बंद पडलं तर कुठे’ याचं उत्तर तयार ठेवा. टिकत नसेल तर ते बंदच आहे असं धरा.

खडखडाटाची कारणं, जी हवेत तपासता येतात. मॅग्नेटो: किल्ली ‘लेफ्ट’, मग ‘राइट’. एकावर सुरळीत चालत असेल तर तिथेच ठेवा. मिक्स्चर: दोन्हीकडे थोडं हलवून पाहा. टाकी: ‘बोथ’. ऑइल प्रेशर शून्य आणि तापमान चढतंय, तर इंजिन काही मिनिटांचा सोबती आहे, ताकद कमी करा आणि आत्ताच मैदान धरा. प्रेशर शून्य पण तापमान स्थिर, तर बहुधा गेज किंवा त्याची नळी गेली आहे. तरीही सर्वांत जवळच्या धावपट्टीवर उतरायचं.

जमिनीवर पकडता येतं ते इंधन. १७२ एस ला निथळ काढायच्या १३ जागा आहेत, प्रत्येक पंखाखाली ५ आणि पोटाखाली ३. पहिल्या उड्डाणाआधी आणि दर वेळी इंधन भरल्यावर तेराही तपासा. अ‍ॅव्हगॅस निळं असतं, पाणी तळाशी मण्यासारखं बसतं. नमुना सगळाच पाण्याचा असला तर रेषा दिसत नाही, म्हणून रंग आकाशाकडे धरून पाहा आणि वास घ्या. पावसात बाहेर उभ्या विमानात पाणी बहुधा झाकणाच्या जुन्या रबरी सीलमधून शिरतं. डाव्या पंखाखालची व्हेंटची नळी पाहा, कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते. मग टाकीत हवा जात नाही आणि पेट्रोल भरलेलं असूनही इंजिन उपाशी मरतं. वापरता येणारं इंधन ५३ गॅलन, म्हणजे २०० लिटर, तासाला ३८ लिटरच्या आसपास खर्च. गेजवर विसंबू नका, काठी घालून मोजा.

कार्ब्युरेटरचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण हॅरिसन फोर्डचं. ५ मार्च २०१५ ला सांता मोनिकाहून उडालेल्या रायन पीटी-२२ चं इंजिन उड्डाणानंतर लगेच गेलं आणि विमान गोल्फच्या मैदानावर आदळलं. तपासात निघालं की कार्ब्युरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारं तोंड) आपल्या जागेवरून सैल होऊन फिरला होता, त्यामुळे मिश्रण कमालीचं रिच झालं. तो कार्ब्युरेटर सतरा वर्षांपूर्वी दुरुस्त झाला होता आणि त्या जेटच्या पुढच्या देखभालीबद्दल सूचनाच नव्हत्या. खांद्याचे पट्टे पाठीच्या टेक्यात मजबुतीशिवाय बसवले होते, तेही उखडले. आपल्याकडच्या जुन्या विमानांत खांद्याचा पट्टा कशाला बोल्ट केलाय ते एकदा पाहून घ्या. विचारायला लाजू नका.

कोकणवारा

किनाऱ्याबद्दल थोडक्यात. भातखाचरं पायऱ्यांची आणि बांधांची, तिथे सरळ दीडशे मीटर मिळणं कठीण. ओहोटी असेल तर पाण्यालगतची ओली, घट्ट वाळू चांगली, लाटांच्या रेषेला समांतर. वरची कोरडी वाळू मऊ असते, चाक धरते. किनाऱ्यावर माणसं आणि रापण ओढणारे असतील तर मात्र पाण्यालगतही नको.

शिकाऊ_१७२

शेवटच्या टप्प्यात काय बंद करायचं आणि कधी? यादीत मास्टर स्विच आहे, पण तो आधी बंद केला तर?

उंचावरून

तर फ्लॅप जागेवर राहतील. १७२ चे फ्लॅप विजेवर चालतात. म्हणून मास्टर सगळ्यात शेवटी.

मैदानाच्या बाजूने, टेकायच्या जागेच्या समोर १००० फूट उंचीवर असं या, डाउनविंडसारखं (उतरायच्या दिशेच्या उलट, समांतर). लांब जाऊ नका, बेसला (उतरायच्या रेषेकडे नेणाऱ्या आडव्या टप्प्याला) लवकर वळा. नेम मैदानाच्या पहिल्या एक-तृतीयांशावर धरा, सुरुवातीच्या बांधावर नाही. उंची जास्त असेल तर ती फ्लॅपने घालवता येते, कमी पडलेली परत मिळत नाही. फ्लॅप खाली असताना स्लिप (विमान तिरकं सरकवून उंची घालवणं) टाळा, अशी १७२ मध्ये पाटीच असते. ग्लाइड लांबवायला नाक वर ओढलंत तर वेग ६८ च्या खाली जातो आणि विमान आणखी जवळ पडतं.

मैदान नक्की गाठणार हे कळल्यावर: मिक्स्चर आयडल कट-ऑफ (इंधन पूर्ण बंद), फ्युएल शटऑफ बाहेर, किल्ली ‘ऑफ’, फ्लॅप पूर्ण, मग मास्टर ‘ऑफ’. टेकण्याआधी दारांच्या कड्या उघडा, म्हणजे चौकट वाकली तरी दार अडकणार नाही. पट्टे घट्ट. चष्मा, खिशातलं पेन काढून टाका. प्रवाशाला जॅकेटची घडी तोंडासमोर धरायला सांगा.

टेकताना वेग इतका महत्त्वाचा का, ते ९ जी च्या (गुरुत्वाच्या नऊपट झटक्याच्या) हिशोबात दिसतं. ताशी ५० मैलांवरून तेवढ्या झटक्यात थांबायला साडेनऊ फूट लागतात, १०० मैलांवरून साडेसदतीस. म्हणजे कमी वेगात, ताब्यात असलेलं विमान कुंपण आणि पिकातही माणसं जिवंत ठेवतं. पंख, चाकं, प्रॉप मोडू द्या. मागची चाकं आधी टेकवा, योक (हातातलं सुकाणू) पूर्ण मागे ओढून धरा, पुढचं चाक शक्य तितकं उशिरा खाली येऊ द्या.

काळी_माती

२५ जुलै २०२२ ला आमच्या इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला प्रशिक्षणाचं सेसना १५२ शेतात आलं, शिकाऊ वैमानिक किरकोळ जखमांवर वाचली. अशा वेळी गावकरी धावतात, मदतीलाच धावतात, पण पेट्रोल गळत असतं हे त्यांना माहीत नसतं. विमानातल्या माणसाने उतरल्यावर आमच्या लोकांना काय सांगावं?

रेडिओकान

चार गोष्टी, मराठीत, मोठ्याने: विडी-काडी बंद, वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब उभे राहा, प्रॉपला हात लावू नका, मॅग्नेटो ‘ऑफ’ न झालेला असला तर नुसता हाताने फिरवला तरी इंजिन एक फटका मारू शकतं, आणि ११२ ला फोन करा. माणसं काढण्यापुरतंच विमान हलवावं, बाकी तपास येईपर्यंत जसं आहे तसं.

आणि विमान उलटं झालं असेल तर आतल्यांसाठी: पट्टा सोडण्याआधी एक हात छताला टेकवा. नाहीतर इतक्या धक्क्यातून वाचलेला माणूस डोक्यावर पडून मान मोडून घेतो.

शिकाऊ_१७२

सरावाला थ्रॉटल किती वेळ बंद ठेवायचा?

मॅग्नेटो

दर ५०० फुटांना काही सेकंद उघडा, म्हणजे सिलिंडर फार गार होत नाहीत आणि इंजिन हाक देतंय याची खात्री राहते. १७२ एन असेल तर थ्रॉटल मागे घेण्याआधी कार्ब हीट ओढा आणि परत चढायला लागल्यावरच आत ढकला. ५०० फुटांखाली जायचं नाही. आयडलवर फिरणारा प्रॉप विमानाला थोडं पुढे ओढतो, खरं बंद इंजिन त्यापेक्षा लवकर खाली आणतं, म्हणून सरावात मैदान जेमतेम गाठलंत तर ते चुकलं असं वहीत लिहा.